एकही भांडं सोडू नका

आमच्या घरात शाईचा आणि भाकरीचा वास वेगळा करता यायचा नाही. बार्शीकडच्या वाशीत, बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. पुढच्या खोलीत अण्णांचा छापखाना, मागं स्वयंपाकघर, आणि मधलं दार कधीच लागायचं नाही, कारण त्याच्या चौकटीला कागदाचे गठ्ठे टेकलेले असायचे. पुढं ट्रेडल मशीन चालायचं, खट-धप, खट-धप, आणि मागं आई भाकरी थापायची. तिचे हात नकळत मशीनच्या ठेक्यावर पडायचे. मशीन थांबलं की तिचाही हात थांबायचा आणि ती आतून विचारायची, "काय झालं, कागद अडकला व्हय?" लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून आमचं घर चालायचं. उरलेल्या कागदावर अण्णा पत्रकं छापायचे, आणि तेच त्यांचं खरं काम होतं. हुंड्यावर, बुवाबाजीवर, रेशनच्या ज्वारीवर, नळाच्या पाण्यावर. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या कप्प्यांतून, उलटी. शाळेत गेल्यावर पाटीवरची अक्षरंच मला चुकीच्या बाजूनं लिहिल्यासारखी वाटत. कप्प्यातले सगळ्यांत आधी झिजणारे खिळे उद्गारचिन्हांचे असायचे. अण्णा त्यांना हसून म्हणायचे, "ही माझी फौज."

अशा घरात वाढलेली मुलगी मवाळ निघणं अवघडच होतं. नववीत असताना मुलींनीच वर्ग झाडायचा या रिवाजाविरुद्ध मी पत्रक लिहिलं, आणि अण्णांनी ते एक शब्द न बदलता छापलं. छापलेल्या शब्दासाठी माणसानं उभं राहायचं असतं, हे आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. ते भिंतींवर चढलेल्या शाईसारखं आपोआप अंगाला लागलं. आता तिशी ओलांडताना मागं वळून बघते आहे, तर माझा तो ताठपणा अजून फारसा गेलेला दिसत नाही. पण त्याला एक बाक आला, तो ज्या पावसाळ्यात आला त्याविषयीच हे प्रकरण आहे.

पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तेव्हाही तसाच यायचा, आजही तसाच येतो, आणि ज्यांनी तो रोज आणायचं कबूल केलं होतं ते अजून निवडून येतात. पाणी यायच्या आधी नळातून हवा शिट्टी वाजवायची. ती ऐकू आली की गल्लीतली प्रत्येक बाई हातातलं काम टाकून उठायची. रांजण, हंडे, निळी पिंपं, बादल्या, परात, दुधाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. अंगणात पाय ठेवायला जागा उरायची नाही. आणि त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात पांढऱ्या पट्ट्यांचा डास अंडी घालायचा, तो दिवसा चावणारा, डेंग्यूचा. सरकार सांगायचं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. दहा दिवसांनी पाणी देणारेच सातव्या दिवशी ते ओतून द्या म्हणत होते. यावर अण्णांनी एक पत्रक काढलं होतं आणि माझ्या मते ते त्यांचं सर्वांत चांगलं पत्रक होतं.

पण मग स्वाती गेली. स्वाती समोरच्या कमलमावशीची एकुलती एक लेक, माझ्याच वर्गातली. आम्ही दोघी एका सायकलवर कॉलेजला जायचो. चढावर ती उतरायची आणि सायकल ढकलता ढकलता मलाच शिव्या घालायची. तिला ताप आला, उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्यानंतरच ती खचली. बार्शीला नेईपर्यंत उशीर झाला होता. कमलमावशीच्या न्हाणीघरात दोन पिंपं होती. ती तिनं दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ओढून आणली आणि कुऱ्हाडीनं फोडली. पुढं ती घरात पाणी साठवेनाच. उन्हातान्हात लांबच्या हातपंपावर जायची, एक घागर आणायची, ती संपली की पुन्हा जायची. घरातली बाकीची भांडी कायम पालथी.

अण्णांनी त्या आठवड्यात जे पत्रक लिहिलं त्यात नळाचा, सरकारचा, कुणाचाच उल्लेख नव्हता. "एकही भांडं सोडू नका" असा मथळा होता. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात, म्हणून नुसतं ओतू नका, राखेनं घासा. अपवाद नाही. डास शत्रू, जंतू शत्रू, दोघांनाही थारा नाही. ते खिळे जुळवत होते आणि मी शेजारी उभी राहून त्यांना अक्षरं देत होते. शाळेतल्या मुलांची त्यांनी एक तुकडी केली. दर शुक्रवारी सकाळी मुलं रांगेनं निघायची, एक ताशा पुढं, आणि घराघरात जाऊन भांडी बघायची. लोक वैतागायचे, पण मुलांना नाही म्हणायचे नाहीत. स्वाती सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होती.

पुढच्या पावसाळ्यात नीला आत्या आली. अण्णांची धाकटी बहीण, पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करायची. याच छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालत ती वाढली होती. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात, सोलापुरी चादरीत बाळासारखा गुंडाळलेला मायक्रोस्कोप.

"वन्सं, नवरा आणला न्हाय ते न्हाय, हे काय पोराला आणलंय?" आईनं विचारलं.

"पोरापेक्षा बरं हाय वहिनी. रडत न्हाय, खायला मागत न्हाय."

ती आमच्या मागच्या पडवीत राहिली आणि तिथं तिनं पांढऱ्या इनॅमलच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या वाढवायला सुरुवात केली. वर बारीक जाळी ताणून, कडेला दोरा बांधून. अण्णांना ते अजिबात पसंत नव्हतं. पण बहिणीला ते काय बोलणार? पडवीकडं जायचंच त्यांनी बंद केलं. मी मात्र कॉलेजातून आले की तिथंच असायचे.

आत्याचं शिकवणं स्वयंपाकघरात चालायचं. आई सुपात ज्वारी निवडत बसली की आत्या त्यातला एक सोंडकिडा चिमटीत धरून म्हणायची, "ह्याचं कवच बघ किती टणक. ते ह्याचं एकट्याचं न्हाय. ह्याच्या पोटात जंतू राहतात, ते सामान पुरवतात म्हणून कवच टणक होतं. ते मारले तर किडा मऊ ऱ्हातो."

"म्हणजे आता भाकरीत बी तुझे जंतू," आई म्हणायची.

करडईच्या भाजीवर मावा दिसला तरी तेच. मावा नुसता रस पितो, त्यात पोषण कसलं, मग तो जगतो कसा? आतल्या जंतूंवर. पिढ्यान्‌पिढ्या, आईच्या अंगातून पिलांच्या अंगात. आई ती भाजी दोनदा जास्त धुवायची आणि मग लसणाची फोडणी देऊन आत्याच्याच ताटात आधी वाढायची. आत्या हुलग्याचं माडगं वाटीवर वाटी पीत बोलत राहायची.

डासाचं तिनं मला चुलीपाशी समजावलं. आईनं स्वयंपाक झाल्यावर इस्तू राखेत झाकून ठेवला होता, संध्याकाळी पुन्हा फुंकून पेटवायला. आत्यानं फुंकणीनं राख जराशी बाजूला केली. "आपल्याला वाटतं, डास आणि डेंग्यू एकच. तसं न्हाय अनू. डासाच्या अंगात पण तो विषाणू बाहेरूनच घुसतो. डासाचं अंगसुद्धा त्याच्याशी झुंजतं. आपल्यासारखीच त्याचीही प्रतिकारशक्ती असते, साधी, पण असते. आणि डासाच्या पोटात राहणारे काही जंतू ती अशी धगधगती ठेवतात. विषाणू आला की नुसती फुंकर पुरते. प्रयोगशाळेत औषध देऊन डासांच्या पोटातले जंतू मारले, की पुष्कळदा विषाणू त्यांच्यात जास्त माजतो."

"म्हणजे जंतू चांगले," मी म्हणाले. मला एक बाजू लागायची.

"काही. काही जंतू उलटं पण करतात, विषाणूला वाट करून देतात."

आणखी एक जंतू होता, वोल्बाकिया. तो डासाच्या पोटात नाही, थेट पेशींच्या आत राहतो आणि फक्त आईकडून, अंड्यातून, पुढं जातो. पुष्कळ किड्यांमध्ये तो मुळातच असतो. डेंग्यूच्या डासात सहसा नसतो, पण प्रयोगशाळेत त्याच्यात घातला तर विषाणू त्या डासात नीट वाढू शकत नाही. जगात काही ठिकाणी असे डास मुद्दाम सोडत होते. आईला ते नाव जमेना. तिनं त्याचं वालबाई करून टाकलं. "तुझी ती वालबाई सापडली का गं?" असं ती रोज विचारायची. आत्याला तेच तर बघायचं होतं. जिथं पाणी दहा-दहा दिवस साठून राहतं अशा गावातल्या डासांच्या आत मुळात कोण कोण राहतं, हे कुणी बघितलेलंच नव्हतं.

त्यासाठी तिनं कुंभाराकडून बोळकी आणली, बाहेरून काळी रंगवली, आत कडबा भिजवलेलं पाणी घातलं आणि मांजरपाटाची एक पट्टी अर्धी बुडवून ठेवली. कडब्याच्या वासानं डासाची मादी येते आणि ओल्या पट्टीवर अंडी घालते. अशी बोळकी तिनं गल्ल्यागल्ल्यांत लोकांच्या अंगणात ठेवली. एकीनं तिला विचारलं, "काळं बोळकं, वर चिंधी, उतारा ठेवल्यावानी दिसतंय की. कुणावर करणी करायलीस?" आत्या हसली आणि म्हणाली, पाण्याची तपासणी चाललीय. सगळीकडं तिनं तेच सांगितलं. पाण्याची तपासणी. समोर कमलमावशीकडं मात्र ती गेलीच नाही.

ठरावीक दिवसांनी पट्ट्या बदलायच्या, आधीच्या सावलीत वाळवायच्या, कोणत्या घरची कोणती त्याची खूण करायची, आणि थोड्या अंड्यांतून ताटल्यांत अळ्या वाढवायच्या. पावसाळा सरत आला तेव्हा आमच्या पडवीत सगळ्या गावाची अंडी दोरीवर वाळत होती. थंडी पडली की मादी अंडी घालायची थांबते. त्याआधी हे सगळं पुण्याला पोचलं तर आत्याचं काम पुढं चालणार होतं. नाही पोचलं तर प्रयोगशाळेतली तिची जागा दुसऱ्याला मिळणार होती. हे तिनं आम्हाला तक्रारीच्या सुरात कधीच सांगितलं नाही. एकदा पट्ट्या उलटताना सहज बोलून गेली.

एरवी शुक्रवारी आत्या स्वतः तुकडीबरोबर फिरायची आणि बोळकी राखायची. त्या शुक्रवारी ती पुण्याला गेली होती, अळ्या न्यायला बर्फाची पेटी आणायला. मी कॉलेजात. आई माहेरी बारशाला. अण्णांनी आदल्या दिवशी मुलांना गोळा करून स्वतः सांगितलं होतं, की आत्याच्या काळ्या बोळक्यांना आणि आमच्या पडवीला हात लावायचा नाही. मुलांनी माना डोलावल्या. सकाळी ताशा वाजला. अण्णा गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी नळाच्या वेळेवरून वाद घालत मागं राहिले आणि मुलं पुढं गेली. सुरुवात स्वतःच्या घरापासून, असं पत्रकात लिहिलेलं होतं. ज्यांचं पत्रक, त्यांच्या घरापासून मुलांनी सुरुवात केली.

मी दुपारी आले तेव्हा पडवी धुऊन स्वच्छ होती. ताटल्या राखेनं घासून, उन्हात पालथ्या घातलेल्या. पट्ट्या साबणाच्या पाण्यात चोळून, पिळून, पुन्हा त्याच दोरीवर नीट वाळत घातलेल्या. कारण अंडी चिकटतात, नुसतं ओतून भागत नाही. इतकं मन लावून केलेलं काम मी त्या मुलांच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. गावातली बोळकीही तशीच. अण्णा दाराशी उभे होते, आणि सहावीतली एक मुलगी, तुकडीची पुढारी, हातात घडी घातलेलं पत्रक घेऊन त्यांच्यासमोर.

"मी काल काय सांगितलं होतं?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"बोळक्याला हात लावू नका म्हणलाव."

"मग?"

तिनं पत्रक उघडलं. "काका, ह्याच्यात तर एकबी भांडं सोडू नका म्हणलंय. अपवाद न्हाय म्हणलंय. तुम्हीच म्हणता की, बोलणं बदलतंय, छापलेलं बदलत न्हाय."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला घरी जायला सांगितलं.

आत्या संध्याकाळच्या गाडीनं आली. ती पडवीत गेली, पट्टीला हात लावून पाहिला, वास घेतला. मग मोरीपाशी बसली. पाण्यात अजून काही अळ्या वळवळत होत्या. तिनं ड्रॉपर काढला, एक-दोन उचलल्या, आणि परत सोडून दिल्या. "कुठल्या घरची कुठली, आता काय कळणार," ती म्हणाली. आई सकाळीच जाताना धपाटे करून गेली होती. आत्यानं एक धपाटं घेतलं आणि तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून दह्याशी खाल्लं. अण्णा जेवले नाहीत.

"नीले, मी सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलंस दादा. छापलं न्हाईस."

दोन दिवसांत गावभर झालं, की छापखानेवाल्याच्या बहिणीनं घरात डास पाळलेत. आत्या पुन्हा बोळकी घेऊन निघाली तर दारं लागायला लागली. एक बाई म्हणाली, पाणी तपासायलेय म्हणून आमच्याच अंगणात डास पैदा करीत होतीस व्हय? दुसरीनं बोळकं तिच्या हातात परत दिलं, कडब्यासकट. आत्या घरी आली आणि म्हणाली, लोकांना कळत नाही.

मला राग आला. तो मुलांचा नव्हता, लोकांचा तर नव्हताच. "तूच कळू दिलं न्हाईस," मी म्हणाले. "पाण्याची तपासणी म्हणालीस. त्यांच्या अंगणात तू काय ठेवलंस ते त्यांना सांगितलं न्हाईस, मग त्यांनी सांडलं तर त्यांचं काय चुकलं? ह्याच घरात वाढलीस ना?"

आईनं मला दटावलं, "आत्याशी बोलायलीस का सभेत भाषण करायलीस?" पण आत्यानं तिला थांबवलं. मग म्हणाली, "डास वाढवायचेत म्हणाले असते तर कुणी ठेवू दिलं असतं?"

"माहीत न्हाय," मी म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं."

"मग तू लिही," आत्या म्हणाली. "तुला लई येतंय ना लिहायला. खरं ते सगळं लिही."

मी बसले लिहायला आणि पहिल्यांदाच मला येईना. मला शत्रू लागायचा. पत्रक म्हणजे एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला आपण. इथं डास शत्रूच होता, पण त्याच्या पोटात कदाचित मित्र होते, आणि त्या मित्रांच्या शेजारी कदाचित फितूरही. प्रत्येक वाक्यापाशी मी पडवीत जाऊन विचारायचे, आणि प्रत्येक वाक्यात आत्या एक "काही" किंवा "बहुधा" घालून परत द्यायची. माझं वाक्य त्या शब्दांनी पंगू होतंय असं मला वाटायचं. आज जेव्हा मी फोनवर चार ओळींत जग पेटवून देणारी माणसं वाचते, आणि मीही त्यांतलीच एक असते, तेव्हा मला ते पडवीतले हेलपाटे आठवतात. शेवटी जे उरलं ते असं होतं:

"नीला आत्या आमच्या घरात डास वाढवते, हे खरं आहे. आधी तिनं तुम्हाला पाण्याची तपासणी म्हणून सांगितलं. ते पुरतं खरं नव्हतं. बोळक्यात डास अंडी घालतील. पट्टी वेळेवर काढली आणि पाणी गाळून ओतलं तर त्यातून डास होणार नाहीत. हयगय झाली तर होतील. डासाच्या अंगात जंतू राहतात. त्यांतले काही डासाला डेंग्यूच्या विषाणूशी झुंजायला मदत करतात असं दिसतं. काही बहुधा उलटं करतात. आपल्या गावच्या डासांत कोणते आहेत हे कुणालाच माहीत नाही. ते कळलं म्हणून लगेच कुणाचा ताप जाणार नाही. पण कळल्याशिवाय पुढचं काहीच करता येणार नाही. कोरडा दिवस पाळायचाच आहे, फक्त ठेवलेलं काळं बोळकं सोडून. बोळकं ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर आमचा राग नाही."

अण्णांनी ते दोनदा वाचलं. "ह्याला पत्रक म्हणत न्हायत अनू. माहीत नाही असं छापलं तर लोक कशाला वाचतील? आणि ठरवा काय? आपण काय म्हणतो ते सांग."

"आपण हेच म्हणतो."

"ह्याच्यात धग न्हाय."

"खरं हाय का ते सांगा."

ते खुर्चीतून उठले, मथळ्याच्या मोठ्या खिळ्यांचा कप्पा ओढला, आणि मग तो परत लोटून बारीक अक्षरांचा घेतला. त्या दिवशी त्यांनी मला एकही खिळा द्यायला सांगितलं नाही. सगळं स्वतः जुळवलं. छापून झाल्यावर पहिला कागद त्यांनी घेतला, तुकडीच्या त्या मुलीच्या घरी गेले आणि तिच्या हातात दिला. काय बोलले ते मला माहीत नाही.

मी, आई आणि आत्या घरोघर गेलो. काही जणांनी ऐकूनही घेतलं नाही. काहींनी पत्रक चुलीपुढं वाचून घेतलं आणि म्हणाले, ठेवा. एका म्हाताऱ्यानं विचारलं, डासाला जर जंतू चालतात तर मला डॉक्टर गोळ्या कशापायी देतो. त्याला समजावता समजावता आत्याचा चहा गार झाला आणि त्यानं बोळकं शेवटपर्यंत ठेवून घेतलं नाहीच. आमच्या गल्लीत परत आलो तेव्हा आत्या समोरच्या दाराकडं बघत उभी राहिली. आई म्हणाली, "तिथं नको वन्सं." पण सगळ्यांना सांगायचं आणि तिलाच टाळायचं, हे आता जमण्यासारखं नव्हतं. ते आत्यालाही कळत होतं.

कमलमावशी उंबऱ्यात बसून अंबाडी निवडत होती. मी पत्रक वाचून दाखवलं. ती हात न थांबवता ऐकत राहिली.

"ह्यात स्वातीचं नाव न्हाय," ती म्हणाली.

"तुम्हाला विचारल्याशिवाय कसं घालणार, मावशी?"

तिनं काड्या एका बाजूला सारल्या आणि आत्याकडं पाहिलं. "म्हणजे तू माझ्या दारात डास वाढवायला आलीस."

"व्हय," आत्या म्हणाली.

"ह्या जंतूनं माझी पोर वाचली असती का?"

आईनं माझा हात घट्ट धरला. पडवीत आत्यानं मला जे काही शिकवलं होतं, त्यातलं धीराचं असं काहीतरी ती आता म्हणेल असं मला वाटलं. म्हणावं, असंही वाटलं.

"मला माहीत न्हाय, कमल," आत्या म्हणाली. "वाचली असती असं मला म्हणता येत न्हाय."

कमलमावशीनं पदरानं तोंड पुसलं. "तिकडं दवाखान्यात सगळे म्हणायचे, काय होत न्हाय, काय होत न्हाय. शेवटपर्यंत म्हणत होते. मी तेच धरून बसले." तिनं उंबऱ्याशेजारची जागा हातानं झाडली. "ठेव ते बोळकं. पण पट्टी मी काढणार. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा न्हाय. पोरांचा बी न्हाय, तुझा बी न्हाय."

आणि जिच्या घरात एक पालथं नसलेलं भांडं नव्हतं, तिच्या उंबऱ्याशेजारी त्या दिवसापासून पाण्यानं भरलेलं एक काळं बोळकं बसलं. ती त्याच्याकडं शेत राखणाऱ्या जागल्यासारखी बघायची. पट्टी काढायच्या दिवशी सकाळीच ती आमच्या दारात उभी असायची, पट्टी ताटलीत, ताटलीवर फडकं. बोळक्यातलं पाणी तीन पदरी फडक्यातून गाळूनच ओतायची आणि फडकं उन्हात टाकायची. शुक्रवारी तुकडी आली की ती दारात आडवी व्हायची. "हे सोडून समदं बघा." आणि मुलं सोडायची, कारण आता तसं छापलेलं होतं.

त्या वर्षी थंडी उशिरा पडली. पट्ट्या पहिल्यापेक्षा कमीच जमल्या, पण पुण्याला गेल्या आणि आत्याची जागा राहिली. निकाल पुढं कळला: आमच्या रांजणांतल्या डासांत वोल्बाकिया नव्हता. जोडीला तपासलेल्या गटारातल्या साध्या डासात मात्र होता, मुळापासून, कुणी न घालता. पोटातले जंतू घराघरागणिक वेगळे निघाले. "मग काय उपयोग झाला?" असं अण्णांनी फोनवर विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "न्हाय हे उत्तरसुद्धा कळावंच लागतं दादा." ते काम अजून चालू आहे आणि नळ अजून दहा दिवसांनी येतो. या दोन गोष्टींतली कोणती आधी सुटायला हवी याबद्दल माझं मत आजही तितकंच गरम आहे.

आत्या निघायच्या आदल्या दिवशी कमलमावशी शेवटची पट्टी घेऊन आली. आत्यानं मायक्रोस्कोप अजून चादरीत बांधला नव्हता. मावशीच्याच बोळक्यातली एक अळी काचेवर थेंबात होती. "बघतेस का?" आत्यानं विचारलं. मावशी नको म्हणाली, जायला निघाली, पडवीच्या पायरीवरून परत आली. एक डोळा मिटायचा तिला जमेना, तेव्हा आईनं मागून येऊन तिच्या डोळ्यावर आपला तळहात धरला. मावशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. तिच्या खांद्यांकडं बघून मला काही कळेना, रडते आहे की काय.

"एवढीशी हाय की गं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आतलं समदं दिसतंय. काळं काळं हलायलंय."

"ते पोट," आत्या म्हणाली.

मावशीनं मान वर केली नाही. आईचा हात तिच्या डोळ्यावर तसाच होता.

"आणि हिच्यात अजून कोण ऱ्हातं म्हणलीस?"

आत्यानं पाट ओढला आणि तिच्याशेजारी बसली. पुढच्या खोलीत अण्णांनी मशीन थांबवलं.